कामठ्यात मला थायराइड आहे

गोरेगाव,
रोवणीचे दिवस

प्रिय आई,

पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारायची असते, ते मला माहीत आहे. ती नंतर विचारीन. आत्ता मी रागात आहे आणि राग उतरायच्या आत हे लिहून संपवायचं आहे. तो उतरला की मी नेहमीसारखी ‘जाऊ दे, आई आहे’ म्हणून गप्प बसेन. कागद कायले, फोन काऊन नाही केला, असं तू म्हणशीलच. फोन केला की तू तो तळहातावर आरशासारखा धरतेस आणि स्पीकर चालू करतेस. मग तुझ्या एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला शेजारची काकू, मागे कोणीतरी विरजण मागायला आलेली, आणि मी एक विचारलं की चौघांची उत्तरं येतात. परवाही तेच झालं. रिंकूला सातवा संपला, तिला बाळंतपणासाठी सासरहून, नवेगाव बांधहून, माहेरी आणायची आहे, मी सोबत यावं, असं तू सांगितलंस. इथवर ठीक होतं. पण मग तू आवाज खाली केलास, म्हणजे तुझ्या मते खाली केलास, आणि म्हणालीस, ‘तिच्यापाशी तुह्यं काही काढू नोको. तिच्या सासूनं इचारलं तं थायराइड सांगजो.’ मागून काकूचा ‘हो वो, थायराइडच सांगजो’ हा आवाजही मला स्वच्छ ऐकू आला.

आई, मला थायराइड नाही. कधीच नव्हतं. पण तू ते इतक्या जणांना सांगून ठेवलंस की उन्हाळ्यातल्या लग्नात बिसरामकाका माझ्याशी बोलताना सारखे माझ्या गळ्याकडे बघत होते, सूज दिसते का म्हणून. मावशीने धने भिजवलेलं पाणी उपाशीपोटी प्यायला सांगितलं. कोणीतरी तिरोड्याच्या कुठल्या डॉक्टरचा नंबर पाठवला. अख्ख्या कामठ्यात मला थायराइड आहे, एक मी सोडून सगळ्यांना ठाऊक आहे. मला जे झालं होतं त्याला बाळंतपणानंतरचं नैराश्य म्हणतात. डॉक्टरीणबाईंनी ते नाव सांगितलं तेव्हा मी त्यांना पुन्हा एकदा म्हणायला लावलं. घाबरून नव्हे गं, बरं वाटलं म्हणून. तोवर मला वाटत होतं, मी एक नालायक आई आहे आणि या आजारावर औषध नसतं.

तुझे कष्ट मी विसरलेले नाही, हे आधी लिहिते, नाहीतर तू तेच धरून बसशील. त्रिशा झाली तेव्हा धानाची कापणी चालू होती. शेतावर बायका लावून तू धावत घरी यायचीस, मला जवसाचं तेल चोळायचीस, बाजेखाली निखारे ठेवून ओव्याची धुरी द्यायचीस, लेकराला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचीस. तुझ्यासारखं बाळंतपण कामठ्यात कोणी करत नाही, हे गाव म्हणतं आणि ते खरं आहे. पण त्या धुरात मी पडून असायची तेव्हा मला काय होत होतं, हे तुला दिसलं नाही की दिसूनही तू बघितलं नाहीस, हे मला अजून कळलेलं नाही. त्रिशाला कुशीत ठेवलं की मला काहीच वाटायचं नाही. माया नाही, राग नाही, काही म्हणजे काही नाही. शेजारणीने घडीभर धरायला म्हणून लेकरू दिलं आणि परत न्यायला विसरली, असं वाटायचं. ती रडायची तेव्हा मी छताच्या कवेलूंकडे बघत बसायची. तू म्हणायचीस, दूध पाज वो पोरी, कुठं हाय तुह्यं ध्यान.

आणि विहीर. महिना सरल्यावर मी हिंडू-फिरू लागले, पण अंगणातल्या विहिरीजवळ गेले नाही, आठवतं? लंगोट धुवायलासुद्धा परसातल्या नळावर जायची आणि पाणी आलं नसलं तर तिथेच बसून राहायची. चार बायकांसमोर तू मला हसत म्हणालीस, आंगचोर झाली माही पोरगी. आई, मी अंगचोर नव्हते. मला विहिरीची भीती वाटायची. तिथे उभी राहिले की माझ्या मनात जे यायचं, त्याची भीती वाटायची. म्हणून मी स्वतःला तिथून दूर ठेवत होते, एकटीने, रोज, आणि तू हसत होतीस. मग मी जेवणही टाकलं तेव्हा तू म्हणालीस नजर लागली. लिंबू उतरवलं, मिरच्या जाळल्या, माझ्या दंडाला आणि त्रिशाच्या पायाला काळा दोरा बांधला. आजार रेड्याला आणि औषध पखालीला!

आता ज्याच्यासाठी माझं डोकं तापलंय त्याबद्दल लिहिते. सरकारी दवाखान्याची आशाताई आली होती तो दिवस. तिच्या मोबाइलमध्ये नवीन काहीतरी आलं होतं. बाळंतिणीने मोबाइल हातात घ्यायचा, आतली बाई एकेक प्रश्न विचारते, आपण फक्त चेहऱ्यांच्या चित्रावर बोट ठेवायचं. हसरा, बरा, उदास, रडका. वाचता यायला नको, कोणापुढे तोंड उघडायला नको. ज्या कोणी ते बनवलं त्यांना बाळंतिणीचं मन नक्की कळलं होतं, पण कामठा कळलं नव्हतं. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत बाळंतीण एकटी कधी असते का? तू होतीस, काकू होती, मोठीआई होती, काकूची सून होती. मोबाइल बोलायला लागला तशा सगळ्या पुढे सरकल्या, रेडिओ लागल्यासारख्या. आशाताईने तो माझ्याकडे धरला आणि मधल्यामधे तू घेतलास. ‘तिले काय समजते, आत्ता निजून उठली, आण इकडे.’

मग सुरू झाली गंमत. तुमची गंमत. मागच्या आठवड्यात तुम्हाला पूर्वीसारखं हसू येतं का, असं त्या बाईने विचारलं. तू म्हणालीस, येते ना, कालच तं हासली. हसले होते मी काल. मोठीआई बघायला आली होती आणि तू माझ्या कानाशी येऊन ‘हास जरासी’ म्हणाली होतीस, म्हणून हसले होते. काही चुकलं की तुम्ही विनाकारण स्वतःला दोष देता का? काकू म्हणाली, तिनं काऊन दोष द्यावा, तिले काय कमी हाय. झोप लागते का? लागते, लागते, दिवसभर निजते. प्रत्येक वेळी तुझं बोट हसऱ्या चेहऱ्यावर. आशाताई एकदा हळूच म्हणाली की हिनेच दाबायला पाहिजे बाई, तर तू तिला चहा दिलास. तिला अजून घरं करायची होती, तिने चहा घेतला.

आणि शेवटचा प्रश्न. स्वतःला काही इजा करावी, असा विचार तुमच्या मनात आला का? मी बाजेवर उठून बसले. आई, मी हात पुढे केला होता. तुला आठवत नसेल, मला रोज आठवतो तो हात. मला फक्त एकदा बोट ठेवायचं होतं. खोलीत कोणाला कळलं नसतं, तुलाही कळलं नसतं, कुठेतरी गोंदियात ती उत्तरं बघत बसलेल्या एका अनोळखी बाईला कळलं असतं आणि तिने काहीतरी केलं असतं. तू आशाताईवर ओरडलीस की असे अभद्र सवाल माह्या घरी इचारू नोको, लेकुरवाळं घर हाय हे. हसऱ्या चेहऱ्यावर बोट दाबलंस. आणि मोबाइलसाठी मी पुढे केलेल्या हातात मेथीचा लाडू ठेवलास.

पुढच्या वेळी ती आली तेव्हा तर तू प्रश्न संपायचीही वाट पाहिली नाहीस. हसरा चेहरा कुठे असतो ते तुला पाठ झालं होतं. टक टक टक, झालं. तुला वाटलं, संपलं. पण ते तिथे संपत नाही ना! त्याचा निकाल नोंदवलेल्या नंबरवर जातो, आणि नंबर होता प्रफुलचा. हिरव्या रंगात त्याला मेसेज आला की तुमच्या पत्नीची मनःस्थिती उत्तम आहे, अभिनंदन. त्याने तो घरच्या ग्रुपवरही टाकला. मी सासरी आले, आणि एक दिवस सगळा जीव गोळा करून त्याला म्हटलं, मला काहीतरी होतंय, मला लेकराजवळ एकटी ठेवू नका. त्याने घाबरून फोन काढला, तो मेसेज शोधला आणि माझ्यापुढे धरला. हे बघ, दोन्ही वेळा उत्तम आलंय, तू उगाच मनाचे खेळ करते. आई, प्रफुल वाईट नाही. पाऊस येणार का हेही तो आभाळाकडे न बघता फोनमध्ये बघतो. पण मी त्याच्यासमोर उभी राहून सांगत होते, आणि माझ्याच नावाने आलेला तो हिरवा मेसेज माझ्याविरुद्ध साक्ष देत होता. त्या दिवसानंतर मी कोणाला काही सांगितलंच नाही. सांगून उपयोग काय? माझ्या वतीने तू आधीच सगळं सांगून ठेवलं होतंस.

कोणाला लक्षात आलं माहीत आहे? धुरपताबाईंना. माझ्या सासूबाईंना. ज्यांच्या नावाने तू मला अडीच महिने धाक घातलास, ‘तुही सासू येईन आन म्हणन माहेरी पोरगी सुकली’, त्याच. त्या बोलायला तोडफोड्या आहेत, मान्य. एका सकाळी त्या प्रफुलला सरळ म्हणाल्या, सून लेकराकडे पाहून नाई राहिली, तुह्या फोनात काय आलं ते चुलीत घाल. त्रिशाच्या गोवरच्या लशीच्या वेळी त्यांनी इथल्या आशाताईला घरी बोलावलं. तोच मोबाइल, तेच प्रश्न. प्रफुलने क्रिकेट ऐकायचे आपले इअरफोन आणून दिले. आणि सासूबाई त्रिशाला कडेवर घेऊन उठल्या, आशाताईला म्हणाल्या, चाल बाहेर, आणि दार ओढून घेतलं. बस. एवढंच. त्यांनी मला समजावलं नाही, डोक्यावरून हात फिरवला नाही. दार ओढून घेतलं. मी त्या खोलीत बसून खऱ्या चेहऱ्यांवर बोट ठेवलं, आणि शेवटच्या प्रश्नाला बोट ठेवताना मला इतकं रडू आलं की आतली बाई तोच प्रश्न पुन्हा विचारत राहिली.

दुसऱ्याच दिवशी गोंदियाहून फोन आला. टीनाजी, अकेले में बात कर सकते हैं क्या, असं विचारलं त्या मॅडमनी. मला आजवर कोणी असं विचारलं नव्हतं गं. मी गोठ्यामागे जाऊन बोलले. मग दवाखाना, मग गोळ्या, मग दर आठवड्याला फोन. त्रिशाला मी जेवढे महिने पोटात वागवलं, तेवढेच महिने ती बाहेर येऊन आईविना राहिली, आणि त्यानंतर एका दुपारी ती पाटावरून घसरली आणि माझ्या पोटात धस्स झालं. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! लेकरू पडलं आणि मी हसत होते. धस्स झालं म्हणजे मी तिची आई झाले होते. प्रफुलने तो जुना मेसेज स्वतः पुसून टाकला. त्याला माझी माफी मागता येत नाही, म्हणून तो हल्ली भांडी घासतो.

आणि तू आलीस तेव्हा काय केलंस? शेजारच्या बाई बसायला आल्या तर माझ्या गोळ्यांची पट्टी उशीखाली सारलीस. मला बाजूला घेऊन म्हणालीस, पिणाऱ्या लेकराले इख पाजून राहिली का? डॉक्टरीणबाईंनी दूध पाजणाऱ्या आईला चालतील अशाच गोळ्या दिल्यात, हे मी तुला तीनदा सांगितलं. तू म्हणालीस, झाकली मूठ सव्वा लाखाची, रिंकूच्या सासरी कळलं तं म्हणतील, घरानंच येडं हाय. झाकली मूठ! आई, त्या मुठीत मी होते. मला श्वास घेता येत नव्हता.

मला कळतं तू हे काऊन करतेस. लेक माहेरून बाळंत होऊन निघते तेव्हा सगळं गाव तिच्या गालांकडे बघतं. गाल भरले तर आईने बाळंतपण केलं, नाही भरले तर आईने हाल केले. मावशीची पोरगी सुकून सासरी गेली आणि तिच्या सासरच्यांनी मावशीला प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात ऐकवलं, ते तू पाहिलं आहेस. तो मोबाइल माझी परीक्षा घेतोय असं तुला वाटलंच नाही. तुला वाटलं तो तुझी परीक्षा घेतोय, आणि तू चांगल्या मार्कांनी पास झालीस. हे सगळं कळूनही माझा राग जात नाही. उलट वाढतो. लोकांच्या तोंडासाठी तू लेकीचं तोंड बंद केलंस, आणि अजूनही तुला त्यात काही चुकलं असं वाटत नाही, म्हणून तर परवाचा तो थायराइडचा फोन.

आता हे का लिहितेय ते ऐक, आणि बाबांना हाक मारायच्या आधी शेवटपर्यंत वाच. तू नवेगावला जाऊ नकोस. रिंकू तिथे नाही. काल तिच्या नवऱ्याने, ओमेशनेच, तिला आणून माझ्याकडे सोडलं, ती आत निजली आहे. आता पोटुशी बायकांनाही ते प्रश्न विचारतात. मागच्या महिन्यात तिच्या स्वतःच्या नंबरवर आले तेव्हा ती तळ्याच्या पाळीवर एकटी जाऊन बसली, इअरफोन कानात घातले आणि खरं ते दाबलं. तिचं बोट हसऱ्या चेहऱ्यावर गेलं नाही, आई. तिला झोप नाही, कारण नसताना रडू येतं, लेकरू येणार याची भीती वाटते. मला जे नऊ महिन्यांनी कळलं, ते तिला लेकरू यायच्या आधीच कळलंय. गोंदियाच्या मॅडम तिच्याशी दर आठवड्याला बोलतात. हे तुला सांगू का, असं मी तिला विचारलं, ती हो म्हणाली. तिनेच ओमेशला सांगितलं की मी कामठ्याला नाही जाणार, आई माझा फोन घेईल. तर तिचं बाळंतपण इथे होईल, माझ्या घरी, माझ्या सासूबाईंनीच आणा म्हटलंय. आई जिवंत असताना लेक बहिणीच्या सासरी बाळंत होणार, कामठा काय काय बोलेल ते मला माहीत आहे, बोलू दे. मी तुला अजून माफ केलेलं नाही, कधी करीन तेही सांगता येत नाही. तरी धानाची रोवणी आटोपली की तू ये, चांगली दोन-तीन महिने राहायला ये, कारण लेकराला न्हाऊ घालावं तर तूच. फक्त रिंकूच्या हातात फोन असेल तेव्हा तू बाहेर ओसरीवर बसायचं, धुरपताबाईंच्या शेजारी, दार लावून. रिंकू सकाळपासून दोनदा विचारून गेली, आई रागावेल का गं, आई येईल ना. मी तिला म्हटलंय, रागावेल आणि येईल. मला खोटं पाडू नकोस.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
टीना